पद गेले, गुण राहिला

विद्यार्थी मित्रांनो, एखादा संघ सतत हरू लागला, की त्याच्या प्रशिक्षकाला दूर करतात. क्रिकेटच्या बातम्यांत तुम्ही हे वाचले असेल. त्याचे आपल्याला फारसे नवल वाटत नाही. पण ज्याचा संघ जिंकतो, त्यालाही कामावरून काढतात का? होय, काढतात. अमेरिकेत बेसबॉलच्या खेळात असे अनेकदा घडले आहे. या पाठात अशाच एका माणसाची ओळख करून घेऊ या. त्यांचे नाव केसी स्टेंगल.

आधी खेळाविषयी थोडे समजून घ्या. बेसबॉल हा काहीसा क्रिकेटसारखा खेळ आहे. एका संघाचे नऊ खेळाडू मैदानात उतरतात. एक जण चेंडू फेकतो. दुसऱ्या संघाचा खेळाडू तो लाकडी दांड्याने टोलवतो आणि धावू लागतो. मैदानातील चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. एकामागून एक ठाणे घेत खेळाडू मूळ जागी परतला, की संघाला एक धाव मिळते. कोणाला खेळवायचे, कोणाला केव्हा विश्रांती द्यायची, चेंडू कोणी फेकायचा, हे सारे मैदानाबाहेर बसलेला एक माणूस ठरवतो. त्याला मॅनेजर म्हणजे व्यवस्थापक म्हणतात. क्रिकेटमध्ये कर्णधार जे निर्णय घेतो, त्यांतले बरेचसे बेसबॉलमध्ये व्यवस्थापक घेतो.

अमेरिकेत या खेळाच्या दोन पातळ्या आहेत. वरची 'मेजर लीग' आणि खालची 'मायनर लीग'. मेजर लीगमध्ये नामवंत संघ खेळतात. मायनर लीगमध्ये, म्हणजे कनिष्ठ संघांत, तरुण खेळाडू तयार होतात. २०२१ पासून ३० मोठ्या संघांना जोडलेले प्रत्येकी चार, असे १२० कनिष्ठ संघ आहेत. स्टेंगल यांच्या काळात काही कनिष्ठ संघ मोठ्या संघांच्या मालकीचे होते, तर काहींचे मालक स्वतंत्र होते.

कनिष्ठ संघाच्या व्यवस्थापकाचे काम रोपवाटिकेतील माळ्यासारखे असते. माळी रोपाला पाणी घालतो, खत घालतो. रोप चांगले वाढले, की ते दुसऱ्याच्या बागेत जाते. त्याचप्रमाणे कनिष्ठ संघातला उत्तम खेळाडू वरच्या संघात जातो. कधी कधी तर भर हंगामातच त्याला बोलावणे येते. उरलेल्या खेळाडूंना घेऊन व्यवस्थापकाला पुढचे सामने खेळावे लागतात. एवढे करून संघ जिंकला, तरी नोकरी टिकेलच अशी खात्री नसते. मालक बदलले किंवा त्यांचे मत बदलले, की व्यवस्थापकही बदलतो.

स्टेंगल यांचा जन्म ३० जुलै १८९० रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहरात झाला. त्यांचे खरे नाव चार्ल्स. गावाच्या नावाची पहिली इंग्रजी अक्षरे 'के' आणि 'सी'. त्यावरून लोक त्यांना 'केसी' म्हणू लागले. तरुणपणी त्यांनी काही काळ दंतवैद्यकाचे शिक्षण घेतले. पण त्यांचा ओढा खेळाकडे होता. १९१२ ते १९२५ या काळात ते मेजर लीगमध्ये खेळले. त्यांचा स्वभाव मोठा विनोदी होता. १९१९ मध्ये एका सामन्यात ब्रुकलिनच्या प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. स्टेंगल यांनी शांतपणे टोपी काढून सर्वांना अभिवादन केले. टोपीतून एक चिमणी भुर्रकन उडाली आणि सारे मैदान हसू लागले.

१९२५ मध्ये त्यांना वुस्टर या गावातील कनिष्ठ संघात पाठवण्यात आले. तिथे त्यांच्याकडे तीन कामे होती. ते संघातले खेळाडू होते, संघाचे व्यवस्थापक होते आणि क्लबचे अध्यक्षही होते. हंगाम संपल्यावर टोलेडो या शहरातील कनिष्ठ संघाकडून त्यांना बोलावणे आले. ती जागा अधिक चांगली होती. पण वुस्टरच्या कामातून मोकळे कसे व्हायचे? स्टेंगल यांनी एक गंमतशीर युक्ती केली.

तुम्ही उर्दूत 'बरतरफ' हा शब्द वाचला असेल. मराठीत तोच शब्द 'बडतर्फ' असा झाला आहे. अध्यक्ष स्टेंगल यांनी खेळाडू स्टेंगल यांना संघातून मुक्त केले. मग त्यांनी व्यवस्थापक स्टेंगल यांना बडतर्फ केले. शेवटी त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि ते टोलेडोला निघून गेले. मालक रागावले, पण स्टेंगल टोलेडोचेच झाले.

ही गोष्ट वाचून आपल्याला हसू येते. मात्र पुढे पद सोडण्याचे जे प्रसंग त्यांच्यावर आले, ते हसण्यासारखे नव्हते. १९२७ मध्ये त्यांच्या टोलेडो संघाने आपल्या साखळीचे विजेतेपद मिळवले. पण पुढे क्लब आर्थिक अडचणीत आला आणि १९३१ नंतर त्यांना ती जागा सोडावी लागली. १९३४ मध्ये ते मेजर लीगमधील ब्रुकलिन संघाचे व्यवस्थापक झाले. तिथे संघ मागेच राहिला. १९३६ च्या हंगामानंतर मालकांनी त्यांना काढून टाकले. कराराचे एक वर्ष बाकी होते. त्यामुळे १९३७ मध्ये मालकांनी त्यांना काम न करण्याबद्दल पगार दिला! त्यानंतर सहा वर्षे ते बॉस्टनच्या संघाकडे होते. तिथेही आठ संघांत पाचव्या क्रमांकाच्या वर त्यांचा संघ कधी गेला नाही.

१९४४ मध्ये ते पुन्हा खालच्या पायरीवर आले. मिलवॉकी या शहरातील कनिष्ठ संघाला व्यवस्थापक हवा होता. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. संघाचे एक मालक बिल वीक सैन्यात दाखल होऊन दूर पॅसिफिक महासागरातील आघाडीवर गेले होते. त्यांचे भागीदार चार्ली ग्रिम यांनी वीक यांना न विचारता स्टेंगल यांना नेमले. ही बातमी कळताच वीक संतापले. हा माणूस मला नको, असे त्यांनी पत्राने कळवले. परंतु ग्रिम यांनी आपला निर्णय बदलला नाही.

जरा विचार करा. आपला मालकच आपल्या विरुद्ध आहे, हे ठाऊक असताना काम करणे किती कठीण असेल! स्टेंगल यांनी कोणाशी वाद घातला नाही. ते खेळाडूंना घेऊन खेळत राहिले. त्या हंगामात मिलवॉकीने १०२ सामने जिंकले आणि साखळीत पहिला क्रमांक मिळवला. वीक यांचे मत बदलले. स्टेंगल यांनी राहावे असे त्यांना वाटू लागले. पण आता स्टेंगल यांनीच नकार दिला. ज्या घरात आपण नकोसे होतो, तिथे यश मिळवून ते मानाने बाहेर पडले.

दोन वर्षांनी ते ओकलंडच्या कनिष्ठ संघात गेले. या संघात वय झालेले बरेच खेळाडू होते. लोक त्यांना म्हातारे म्हणून चिडवत. स्टेंगल यांनी त्यांना आलटून पालटून खेळवले. कोणाची शक्ती कशात आहे आणि कोणाला विश्रांतीची गरज आहे, हे ते नीट पाहत. त्याच संघात बिली मार्टिन नावाचा वीस वर्षांचा चपळ मुलगाही होता. त्याला त्यांनी हाताशी धरून शिकवले. १९४८ मध्ये या संघाने ११४ सामने जिंकून विजेतेपद मिळवले. बिली मार्टिन पुढे मेजर लीगमध्ये नावाजला.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध यांकीज संघात एक बदल झाला. त्यांचे व्यवस्थापक बकी हॅरिस यांनी १९४७ मध्ये संघाला सर्वांत मोठी स्पर्धा जिंकून दिली होती. तिला 'वर्ल्ड सिरीज' म्हणतात. १९४८ मध्ये संघाने ९४ सामने जिंकले, पण तो तिसऱ्या क्रमांकावर राहिला. तेवढ्यावरून हॅरिस यांना काढण्यात आले. यांकीजचा कारभार तेव्हा जॉर्ज वाइस यांच्याकडे होता. १९२५ मध्ये स्टेंगल वुस्टरला असताना वाइस त्याच साखळीत न्यू हेवनचा संघ चालवत होते. तेव्हापासून ते स्टेंगल यांना ओळखत होते. त्यांनी स्टेंगल यांना बोलावले. ५८ वर्षांचा हा विनोदी माणूस एवढा मोठा संघ काय सांभाळणार, असे अनेकांना वाटले.

पण ओकलंडमध्ये जे केले, तेच स्टेंगल यांनी न्यूयॉर्कमध्ये केले. संघातल्या प्रत्येकाचा उपयोग करून घेतला. १९४९ ते १९५३ अशी सलग पाच वर्षे त्यांच्या संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. आजपर्यंत दुसऱ्या कोणत्याही व्यवस्थापकाला हे जमलेले नाही. बारा वर्षांत त्यांचा संघ दहा वेळा आपल्या साखळीत पहिला आला आणि सात वेळा वर्ल्ड सिरीजचा विजेता ठरला.

मग १९६० चा ऑक्टोबर महिना उजाडला. वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजची गाठ पिट्सबर्गच्या संघाशी पडली. सात सामन्यांत मिळून यांकीजनी ५५ धावा काढल्या, पिट्सबर्गने फक्त २७. तरीही चार सामने जिंकले पिट्सबर्गनेच! १३ ऑक्टोबर रोजी सातव्या सामन्याच्या अखेरीस बिल मॅझेरॉस्की या खेळाडूने चेंडू थेट कुंपणापार टोलवला आणि यांकीज १०-९ असे हरले. व्हायटी फोर्ड या उत्तम गोलंदाजाला पहिल्या सामन्यात का उतरवले नाही, असे लोक स्टेंगल यांना विचारू लागले. फोर्डने ज्या दोन सामन्यांत चेंडू टाकले, त्यांत पिट्सबर्गला एकही धाव मिळाली नव्हती.

पाचच दिवसांनी, १८ ऑक्टोबर रोजी, मालकांनी पत्रकारांना बोलावले आणि स्टेंगल आता व्यवस्थापक राहणार नाहीत, असे जाहीर केले. त्यांचे वय ७० झाले आहे आणि संघाला तरुण माणूस हवा आहे, असे कारण पुढे आले. आपण स्वतःहून जात नाही, आपल्याला काढले आहे, हे स्टेंगल यांनी सर्वांसमोर स्पष्ट सांगितले. सत्तर वर्षांचे होण्याची चूक आपण पुन्हा कधी करणार नाही, असेही ते म्हणाले. लोक हसले. पण त्या हसण्यामागचे दुःख कोणापासून लपले नाही. थोड्याच दिवसांत जॉर्ज वाइस यांनाही जावे लागले.

मालकांचे वागणे योग्य होते का? घाईने उत्तर देऊ नका. स्टेंगल यांच्या जागी राल्फ हाउक आले. त्यांनीही आधी डेन्व्हर येथील कनिष्ठ संघ सांभाळला होता. त्यांच्या हाताखाली यांकीजनी १९६१ आणि १९६२ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. म्हणजे मालकांची निवड चुकली नव्हती. पण निवड बरोबर असली, तरी निरोप देण्याची रीत बरोबर असतेच असे नाही. बारा वर्षे राबलेल्या माणसाला केवळ वयाकडे बोट दाखवून घालवणे अनेकांना खटकले.

स्टेंगल घरी बसून राहिले नाहीत. १९६२ मध्ये न्यूयॉर्कमध्येच 'मेट्स' हा नवा संघ सुरू झाला. त्याचा कारभार वाइस यांच्याकडे आला आणि त्यांनी पुन्हा स्टेंगल यांनाच बोलावले. हा संघ अगदी कच्चा होता. पहिल्याच वर्षी तो १२० सामने हरला. तरी स्टेंगल खचले नाहीत. ते तरुण खेळाडूंना शिकवत राहिले आणि आपल्या बोलण्याने लोकांना हसवत राहिले. हरणाऱ्या संघाचे सामने पाहायलाही लोक येऊ लागले. १९६५ मध्ये पडून त्यांचे कमरेचे हाड मोडले, तेव्हा ते निवृत्त झाले. १९६६ मध्ये बेसबॉलच्या थोर व्यक्तींच्या मालिकेत त्यांचे नाव नोंदवण्यात आले. त्यांच्या सदऱ्यावर ३७ हा आकडा असे. त्यांच्या सन्मानार्थ मेट्सने १९६५ मध्ये आणि यांकीजने १९७० मध्ये हा आकडा यापुढे कोणालाही न देण्याचे ठरवले. ज्या संघाने त्यांना काढले, त्या संघानेही अखेर त्यांचा मान राखला. २९ सप्टेंबर १९७५ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, पद दुसरा देतो, म्हणून ते दुसरा काढूनही घेऊ शकतो. कधी ते आपल्या चुकीमुळे जाते, तर कधी काही चूक नसतानाही जाते. पण वुस्टरमध्ये जोडलेली ओळख आणि ओकलंडमध्ये मुरलेली कामाची पद्धत स्टेंगल यांच्याकडून कोणीही काढून घेऊ शकले नाही. उद्या तुम्हीही कोठेतरी काम कराल. काहींच्या हाती दुसऱ्याला कामावर ठेवण्याचा किंवा काढण्याचा अधिकारही येईल. काम करताना मिलवॉकीचे स्टेंगल आठवा. आणि अधिकार हाती आला, तर १९६० चा तो ऑक्टोबर महिना आठवा.

शब्दार्थ
रोपवाटिका : रोपे तयार करण्याची जागा
हुर्यो उडवणे : ओरडून टिंगल करणे
बडतर्फ करणे : कामावरून काढून टाकणे
हाताशी धरणे : जवळ घेऊन मदत करणे
खचणे : धीर सोडणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) स्टेंगल यांना 'केसी' हे नाव कशावरून पडले?
(आ) वुस्टर येथे स्टेंगल यांच्याकडे कोणती तीन कामे होती?
(इ) ओकलंडच्या संघाने १९४८ मध्ये किती सामने जिंकले?
२. कारणे लिहा.
(अ) बिल वीक संतापले.
(आ) १९३७ मध्ये स्टेंगल यांना काम न करता पगार मिळाला.
३. कनिष्ठ संघाच्या व्यवस्थापकाला माळ्याची उपमा का दिली आहे, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
४. 'करार', 'मालक', 'हंगाम' हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचे उर्दूतील व मराठीतील अर्थ सारखेच आहेत का, ते शोधा. या पाठातून असे आणखी तीन शब्द निवडा.
५. स्टेंगल यांना १९६० मध्ये काढणे योग्य होते की अयोग्य? वर्गात दोन गट करून चर्चा करा.