पोळी एकच, पण सगळ्यांच्या देखत

२०१२ साली मला शुगर निघाली. तेव्हा मी ५१ वर्षांची होते आणि साताऱ्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते. पथ्य कसं पाळायचं ते पुष्कळांनी सांगितलं. एखाद्या दिवशी पथ्यातून बाहेर कसं यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत आत कसं जायचं, ते मात्र मला चुकत चुकतच शिकावं लागलं.

१. गोड कायमचं सोडायची शपथ घेऊ नये.

मी घेतली होती. अकरा महिने चहा बिनसाखरेचा, गणपतीच्या मोदकाला नुसता नमस्कार. मग भाचीच्या लग्नात ताटात जिलेबी आली आणि मी ती खाल्ली. एकदा मोडलंच आहे म्हणून खातच राहिले: लग्नातली जिलेबी, नंतरचे रुखवताचे लाडू, मे महिन्यातला आमरस. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ६.८ वरून ८.१ वर गेलं होतं. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर ही तपासणी मोजते. त्यामुळे एका दिवसाची जिलेबी तिच्यात जेमतेम उमटते, महिनोन्‌महिन्यांची सवय मात्र लपत नाही. हे समजल्यावर मी शपथ सोडली. आता जानेवारीत भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढून दिवसांवर खुणा करते: संक्रांत, होळी, अक्षय्य तृतीया, गणेश चतुर्थी, लक्ष्मीपूजन, नातवाचा वाढदिवस. बाकीच्या दिवशी कुणी "एवढंसं घ्या हो" म्हटलं, तर नाही म्हणताना जिवावर येत नाही. माझा दिवस ठरलेला असतो.

२. पुरणपोळी जेवणावर खायची नसते, तेच जेवण असतं.

सुरुवातीच्या एका होळीला मी दोन पोळ्या, वर आमटी-भात आणि कुरडई असं रीतसर जेवले. दोन तासांनी मीटरवर २६८. पुढच्या वर्षी आधी काकडीची कोशिंबीर, मटकीची उसळ आणि वाटीभर कटाची आमटी घेतली, मग तूप घालून एकच पोळी. भात नाही, कुरडई नाही. भाजी आणि डाळ आधी पोटात गेली की मागून येणारी साखर रक्तात हळू उतरते. जेवून उठल्यावर यांच्याबरोबर वीस मिनिटं चालून आले, कारण चालताना पायांचे स्नायू ती साखर वापरतात. दोन तासांनी १७१. मला फार आनंद झाला. पण साडेतीन तासांनी पुन्हा पट्टी लावली तर १९२! तुपामुळे पोट सावकाश रिकामं होतं, त्यामुळे चढ उशिरा येतो. तेव्हापासून पोळीच्या दिवशी मी दोनदा तपासते आणि संध्याकाळीही एक फेरी मारते.

३. गुळाचं समाधान खोटं आहे.

गुळातही बहुतांश साखरच असते. गुळाची पोळी मला आवडते म्हणून संक्रांतीला अर्धी खाते, औषधी म्हणून नाही.

४. सण एका दिवसाचा असतो, उरलेलं चार दिवस पुरतं.

माझी साखर सणाच्या ताटाने फारशी बिघडवली नाही. बिघडवली ती दुसऱ्या दिवशीच्या शिळ्या पोळीने, दुधात कुस्करलेल्या. तिची चव ताज्या पोळीहूनही चांगली लागते, हे कुणाही मराठी माणसाला सांगायला नको. दिवाळीत तर डबे दोन आठवडे हाताशी असतात; चकली गोड नाही म्हणून मोजलीच जात नाही, पण तीही भाजणीचं पीठ आणि तेलच. आता सून आणि मी मिळून पुरण मोजूनच शिजवतो. उरलेल्या पोळ्या त्याच संध्याकाळी शेजारी जातात. फराळाचा माझा वाटा एका छोट्या डब्यात वेगळा असतो. तो संपला की माझी दिवाळी संपली.

५. गोळीला सुट्टी नसते, आणि उपासाला गोळीचा विचार हवा.

गोड खाल्लं म्हणून आपल्या मनाने दोन गोळ्या घेणारे मी पाहिलेत, सणाला गोळीच न घेणारेही. दोन्ही धोक्याचं. माझा स्वतःचा धडा आषाढी एकादशीचा. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी रोजच्यासारखी घेतली आणि कडक उपास धरला. अकराच्या सुमारास हात थरथरू लागले, पाठ घामाने भिजली. मीटरवर ६२. सत्तरच्या खाली आल्यावर थांबायचं नसतं. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, मग काहीतरी खाल्लं. त्यानंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास केला नाही. आणि उपासाची म्हणून साबुदाण्याची खिचडी ताटभर खाणं म्हणजे नुसता स्टार्च. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी, दही आणि मूठभर शेंगदाणे मला सोसतात.

६. चोरून खाऊ नये. घरच्यांनी ती वेळ आणू नये.

माझ्या आईलाही मधुमेह होता. आम्ही सगळे तिच्यावर नजर ठेवून असू, मी सर्वांत जास्त. "आई, तुला नाही ते" हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन! ती गेल्यावर तिची ट्रंक उघडली तेव्हा नऊवारी लुगड्यांच्या घड्यांमध्ये कंदी पेढ्यांचा पुडा सापडला, अर्धा संपलेला. शेवटची दोन वर्षं ती रक्त तपासायला टाळाटाळ का करत होती, ते मला त्या क्षणी कळलं. आकडा आला असता तर पेढे उघडे पडले असते. तिने पेढे खाल्ले याचं मला वाईट वाटत नाही. ते तिने एकटीने, दाराकडे कान ठेवून, घाईघाईने खाल्ले, याचं वाटतं. तिला आठवड्याला एक पेढा हातात देऊन शेजारी बसले असते, तर कदाचित ती तपासायलाही आली असती.

म्हणून मी माझ्या घरात सांगून टाकलं आहे: मला हटकू नका, माझ्यासोबत बसा. पोळी खाते ती पंगतीत, सगळ्यांच्या देखत. नंतरचा आकडा कितीही येवो, मोठ्याने वाचते आणि वहीत लिहिते.

७. आंबा फोडी करून खावा.

शंभर ग्रॅम गरात साधारण पंधरा ग्रॅम कर्बोदकं असतात. आमरस वाटीमागून वाटी पोटात जातो आणि सोबत पुऱ्याही; फोडी मोजता येतात. मी अर्धा हापूस दुपारी चार-साडेचारला खाते, जेवणावर नाही, आणि रात्री एक भाकरी कमी करते.

या अक्षय्य तृतीयेला आंबा नातवाने कापला. माझ्या बशीत पाच फोडी मोजून ठेवल्या, मग कोय हातात धरून थोडा वेळ विचार केला. माझ्या लहानपणी कोयीसाठी आम्हा भावंडांची मारामारी व्हायची, हे त्याने माझ्याकडून ऐकलेलं आहे. त्याने एक फोड उचलून स्वतःच्या तोंडात टाकली आणि कोय माझ्या बशीत ठेवली.