ग्राफिक्स कार्ड : कागदावरचे आकडे आणि प्रत्यक्ष काम

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी अथवा एखाद्या कार्यालयासाठी संगणक घेण्याचे ठरले, की तांत्रिक विनिर्देशांचा तक्ता तयार होतो. त्यात ‘ग्राफिक्स कार्ड : ४ जीबी’ एवढीच ओळ असेल, तर पुरवठादार बाजारातील सर्वांत स्वस्त ४ जीबी कार्ड देऊन मोकळा होतो. त्याला दोषही देता येत नाही, कारण मागितले तेच त्याने दिलेले असते. हे कार्ड २ जीबीच्या दुसऱ्या एखाद्या कार्डाहून मंद असू शकते, ही गोष्ट मात्र पुष्कळदा देयक मंजूर झाल्यानंतर उमगते.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरील चित्र तयार करणारा संगणकाचा स्वतंत्र भाग होय. त्यावर एक चिप आणि तिची स्वतःची मेमरी असते. चित्रातील लक्षावधी ठिपक्यांचा हिशेब चिपमधील शेकडो, कधी हजारो, लहान गणनघटक एकाच वेळी करतात. त्रिमितीय आराखडे, चित्रफितींचे संपादन आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची गणिते यांसाठी त्याचा उपयोग होतो. पत्रव्यवहार, तक्ते आणि ऑनलाइन दाखले एवढेच काम असलेल्या ग्रामपंचायतीला असे वेगळे कार्ड सहसा लागत नाही. प्रोसेसरमध्येच अंगभूत असलेली सोय पुरेशी होते. मात्र सर्वच प्रोसेसरांत ती सोय नसते. उदाहरणार्थ, इंटेलच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरांचे नाव ‘एफ’ या अक्षराने संपते, त्यांत ती मिळत नाही.

साठा आणि वहनक्षमता

धरणात पाणी भरपूर असले तरी कालवा अरुंद असेल, तर शेवटच्या शेतापर्यंत पाणी वेळेवर पोचत नाही. ग्राफिक्स कार्डाचेही तसेच आहे. जीबीचा आकडा साठा दाखवतो. मेमरीतून चिपकडे दर सेकंदाला किती माहिती वाहते, हे त्यावरून कळत नाही. ही वहनक्षमता काढण्याचे गणित माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यालाही जमेल असे आहे : मेमरीच्या मार्गाची रुंदी बिटांत घ्यावी, तिला ८ ने भागावे आणि प्रत्येक वाहिनीतून सेकंदाला किती गिगाबिट जातात त्या संख्येने गुणावे. उत्तर सेकंदाला इतके गिगाबाइट असे येते.

एनव्हिडिया कंपनीने मे २०१७ मध्ये जीटी १०३० हे कार्ड बाजारात आणले. मेमरी २ जीबी, जीडीडीआर५ प्रकारची; मार्गाची रुंदी ६४ बिट, गती ६ गिगाबिट. म्हणजे वहनक्षमता सेकंदाला ४८ गिगाबाइट. पुढच्याच वर्षी त्याच नावाने दुसरे कार्ड विक्रीस आले. मेमरी २ जीबीच, गणनघटक पूर्वीइतकेच ३८४, रुंदी तीच ६४ बिट. परंतु मेमरीचा प्रकार डीडीआर४ आणि गती २.१ गिगाबिट. ६४ भागिले ८, गुणिले २.१ हा हिशेब केला, की उत्तर येते १६.८. नाव तेच राहिले आणि वहनक्षमता जवळजवळ एकतृतीयांशावर आली. स्वतंत्र परीक्षकांनी दोन्ही कार्डे एकाच संगणकावर चालवून पाहिली, तेव्हा अनेक खेळांत नव्या कार्डाचा वेग जुन्याच्या सुमारे निम्माच भरला. पेटीवर मेमरीचा प्रकार छापलेला असे, पण ग्राहक विचारत होता तो जीबीचा आकडा. हा व्यवहार नियमात बसत असला तरी सरळ होता असे म्हणवत नाही.

त्याआधीचे, २०१४ चे जीटी ७३० तर एका नावाखाली तीन प्रकारांनी विकले गेले. त्यांपैकी ६४ बिटांच्या डीडीआर३ प्रकारात वहनक्षमता अवघी १४.४ गिगाबाइट आहे. त्यावर ४ जीबी मेमरी बसवली म्हणून कालवा रुंद होत नाही. शिवाय जीटी ७३० च्या नव्या रचनेच्या प्रकारांसाठीही नवे ड्रायव्हर निघणे २०२१ साली थांबले आणि सुरक्षाविषयक दुरुस्त्या २०२४ पर्यंतच मिळाल्या. ‘४ जीबी’ एवढ्याच अटीला हेही कार्ड पात्र ठरते.

आकडे कोठे फसवतात

मग विनिर्देशांत वहनक्षमता लिहिली की काम भागले काय? एकाच कंपनीच्या एकाच पिढीतील कार्डांपुरते बव्हंशी भागते. पिढी बदलली की हिशेब बदलतो. २०२१ च्या आरटीएक्स ३०६० मध्ये ३,५८४ गणनघटक, १२ जीबी मेमरी आणि ३६० गिगाबाइटची वहनक्षमता आहे. २०२३ च्या आरटीएक्स ४०६० मध्ये हेच आकडे ३,०७२, ८ जीबी आणि २७२ असे आहेत. कागदावर जुने कार्ड सरस दिसते. तरीही बहुतेक खेळांत नवे कार्ड पुढे जाते आणि वीज १७० वॅटऐवजी ११५ वॅट घेते. त्याच्या चिपची गती अधिक आहे आणि चिपवरच २४ एमबीचा जवळचा साठा असल्याने मेमरीकडे फेऱ्या कमी माराव्या लागतात. जुन्यात हा साठा ३ एमबी आहे. याउलट, कृत्रिम बुद्धिमत्तेचे एखादे प्रारूप ८ जीबीत मावत नसेल, तर तेथे जुने १२ जीबीचे कार्डच उपयोगी पडते. तेव्हा काम कोणते, हे आधी ठरले पाहिजे.

कंपनी बदलली तरीही असाच अनुभव येतो. एएमडीच्या २०१७ च्या वेगा ६४ ची गणनक्षमता सुमारे १२.७ टेराफ्लॉप, तर एनव्हिडियाच्या २०१६ च्या जीटीएक्स १०८० ची सुमारे ८.९. खेळांच्या चाचण्यांत मात्र दोन्ही जवळपास बरोबरीने चालली.

म्हणून तुलना करावयाची ती प्रत्यक्ष कामाची. एकच संगणक, एकच काम, पडद्याची तीच सूक्ष्मता आणि बदललेले फक्त कार्ड, अशी चाचणी ग्राह्य मानावी. हलत्या चित्रांसाठी सेकंदाला किती चौकटी निघाल्या हे मोजतात. त्यात सरासरीबरोबर सर्वांत मंद क्षणांचा आकडाही पाहावा, कारण चित्र अडखळते ते त्या क्षणी. त्रिमितीय कामासाठी ब्लेंडर या मुक्त सॉफ्टवेअरची स्वतःची चाचणी विनामूल्य मिळते.

विजेचा प्रश्न वेगळाच. मुख्य पट्टावरील खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला वीजपुरवठा घटकातून स्वतंत्र जोडणी द्यावी लागते, आणि कार्यालयांतील अनेक जुन्या संगणकांत ती नसते.

माल स्वीकारताना जीपीयू-झेड हे विनामूल्य साधन चालवून पाहावे. मेमरीचा प्रकार, मार्गाची रुंदी, वहनक्षमता आणि गणनघटकांची संख्या ते एकाच खिडकीत दाखवते. जुन्या चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवून विकण्याचे प्रकारही बाजारात घडले आहेत. अशी अनेक बनावट कार्डे हे साधन २०१८ पासून ओळखून तसे नावापुढेच दाखवते. त्या खिडकीचे छायाचित्र पुरवठा आदेशाला जोडावे आणि मगच जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद घ्यावी.