लोखंडी पत्र्यास गोल छिद्र पाडण्याची रीत : होल सॉचा घरगुती वापर

सिन्नर तालुक्याचा बराचसा भाग, विशेषतः पूर्वेकडील गावे, पर्जन्यछायेत येतात. पावसाळा सरल्यावर पाणी साठविण्यासाठी लोखंडी पिंपे व पत्र्याच्या टाक्या घरोघरी उपयोगात आणल्या जातात. या साठ्यांना तोटी किंवा नळी जोडावयाची झाल्यास पत्र्याला गोल छिद्र पाडावे लागते. हे काम वरवर क्षुल्लक दिसते. परंतु छिद्र वेडेवाकडे झाले की जोड गळू लागतो. सेकंदाला एक थेंब गळाला तरी दिवसाकाठी सुमारे चार लिटर पाणी वाया जाते. या हिशेबाने २०० लिटरचे भरलेले पिंप दीड महिन्यात रिकामे होईल. पाण्याच्या टंचाईच्या दिवसांत हे नुकसान परवडणारे नाही.

प्रचलित पद्धतींतील दोष

पुष्कळ ठिकाणी खिळ्याने किंवा छिन्नीने ठोकून छिद्र पाडतात. त्यामुळे भोवतालचा पत्रा आत दबतो, काठ फाटतो आणि रबरी वॉशर नीट बसत नाही. काही जण गॅसने छिद्र कापून घेतात. गॅसच्या आचेने पत्र्यावरील जस्ताचा थर जळतो व तेथे लवकर गंज चढतो. शिवाय जळणाऱ्या जस्ताचा धूर श्वासावाटे गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. वर्तुळावर लहान लहान छिद्रे ओळीने पाडून मधला तुकडा छिन्नीने काढणे व काठ कानशीने घासणे ही जुनी रीत चांगली आहे. मात्र तीस वेळ व कसब दोन्ही लागतात.

होल सॉची रचना

होल सॉ म्हणजे पेल्याच्या आकाराची गोल करवत होय. पेल्याच्या कडेला दाते असतात व मध्यभागी साधारणतः ६ मि. मी. जाडीचे लहान ड्रिल असते. हे मधले ड्रिल प्रथम पत्र्यात शिरते व करवतीस जागेवर धरून ठेवते. मग दाते फिरत जाऊन वर्तुळाकार खाच कापतात आणि पत्र्याची चकती सुटी होते. लाकडासाठी मिळणाऱ्या स्वस्त करवती लोखंडावर चालत नाहीत. लोखंडासाठी हायस्पीड स्टीलचे दाते जोडलेली ‘बायमेटल’ जातीची करवत मागून घ्यावी.

मापाची निवड

नळीचे माप व छिद्राचे माप एक नसते. ‘एक इंची’ लोखंडी नळीच्या आट्यांचा बाहेरील व्यास सुमारे ३३ मि. मी. भरतो. त्यामुळे एक इंचाचे म्हणजे २५ मि. मी. चे छिद्र पाडल्यास नळी आत जात नाही व मग छिद्र वाढविण्याच्या खटपटीत काठ बिघडतो. सर्वसाधारण मापे पुढीलप्रमाणे आहेत :

अर्धा इंची जोड : होल सॉ २२ मि. मी., मिनिटास सुमारे ४०० फेरे
पाऊण इंची जोड : होल सॉ २७ मि. मी., मिनिटास सुमारे ३२५ फेरे
एक इंची जोड : होल सॉ ३५ मि. मी., मिनिटास सुमारे २५० फेरे
दीड इंची जोड : होल सॉ ५१ मि. मी., मिनिटास सुमारे १७५ फेरे

प्लास्टिकच्या टँक निपलांची मापे निरनिराळी असू शकतात. म्हणून निपल आधी विकत घ्यावे, त्याच्या आट्यांवरून बाहेरचा व्यास मोजावा आणि मगच करवत निवडावी.

गतीचे महत्त्व

वर दिलेले फेरे साध्या लोखंडासाठी आहेत. स्टेनलेस स्टीलसाठी ते निम्म्यावर आणावेत. बाजारातील विजेची ड्रिल यंत्रे पूर्ण वेगाने मिनिटास दोन हजारांहून अधिक फेरे घेतात. त्या वेगाने करवत चालविल्यास दाते तापून निळे पडतात व एका छिद्रातच करवत निकामी होते. म्हणून घोडा दाबण्याच्या प्रमाणात वेग कमी-जास्त होणारेच यंत्र वापरावे व त्याची ठोकण्याची क्रिया बंद ठेवावी. मिनिटास २५० फेरे म्हणजे सेकंदास जेमतेम चार फेरे. करवतीवर खडूची खूण केल्यास ही गती नजरेने ओळखता येते. चकचकीत कीस पडत असेल तर गती योग्य समजावी. धूर निघणे किंवा कर्कश आवाज येणे ही वेग फार झाल्याची लक्षणे होत.

प्रत्यक्ष कृती

१. पिंप रिकामे व कोरडे करून आडवे ठेवावे आणि दोन्ही बाजूंस लाकडी ठोकळे लावून ते हलणार नाही असे करावे. ओल्या जमिनीवर उभे राहून विजेचे यंत्र चालवू नये.

२. छिद्राची जागा तळापासून थोडी वर, साधारण ५ ते ७ सें. मी. अंतरावर घ्यावी. त्यामुळे तळाचा गाळ तोटीत येत नाही. मध्यबिंदूवर सेंटर पंचने खूण ठोकावी, म्हणजे ड्रिल घसरणार नाही.

३. पातळ पत्र्यात दाते अडकतात. आतून हात पोहोचत असल्यास पत्र्यामागे लाकडी फळी शिकंज्याने घट्ट धरावी.

४. मधले ड्रिल आरपार जाऊ द्यावे. करवत पत्र्यास टेकताच यंत्र सरळ धरून हलका व एकसारखा दाब द्यावा. पिंपाच्या गोलाईवर दाते प्रथम दोनच बाजूंना लागतात. सर्व दाते टेकेपर्यंत दाब वाढवू नये.

५. खाचेत मधूनमधून कापणीचे तेल सोडावे. ते नसल्यास मशीनचे साधे तेल चालते. थोडे कापून करवत बाहेर घ्यावी, कीस झाडावा व पुन्हा कापावे.

६. चकती सुटण्याच्या बेतास आली की दाब कमी करावा. याच क्षणी करवत अडकून यंत्राला जोराचा हिसका बसतो व मनगट मुरगळते. म्हणून यंत्राची बाजूची मूठ दुसऱ्या हाताने पक्की धरावी.

७. करवतीत अडकलेली चकती तापलेली असते. यंत्राची वीज तोडून व चकती निवल्यावर ती स्क्रू ड्रायव्हरने काढावी.

काम करताना डोळ्यांस चष्मा लावावा. उपरणे, सैल बाह्या व हातमोजे फिरत्या यंत्राजवळ नसावेत. ते गुंडाळले जाऊन हात ओढला जातो. कीस गोळा करताना मात्र हातमोजे घालावेत.

काठाची निगा व जोडणी

छिद्राचा काठ अर्धगोल कानशीने गुळगुळीत करावा. तेल व कीस साबणाच्या पाण्याने धुऊन काढावा. जस्ताचा पत्रा असल्यास उघड्या पडलेल्या काठास जस्तयुक्त रंग लावून तो पूर्ण वाळू द्यावा. गोल पिंपावर सुमारे ३ मि. मी. जाडीचा रबरी वॉशर वापरावा, म्हणजे पत्र्याची गोलाई भरून निघते. जोड आवळल्यावर पिंप भरून एक रात्र ठेवावे व कोरड्या कागदाने पुसून गळतीची परीक्षा करावी.

ठिबक संचासाठी विद्राव्य खते कालविण्यास लोखंडी पिंप योग्य नाही. खताच्या द्रावणाने लोखंड गंजते व तो गंज तोट्यांत अडकतो. त्या कामी प्लास्टिकचे पिंप घ्यावे.

पंपाच्या स्टार्टरच्या पेटीस केबलसाठी छिद्र पाडावयाचे असल्यास मुख्य वीजप्रवाह बंद करून फ्यूज काढून घ्यावेत. आतील भाग कापडाने झाकावा व काम झाल्यावर लोखंडी कीस कणभरही राहू देऊ नये. त्याने आत ठिणगी पडून स्टार्टर जळतो. उघड्या काठाने केबल कापली जाऊ नये म्हणून छिद्रात केबल ग्लँड बसवावी.

कोणत्या पिंपांना हात लावू नये

डिझेल, पेट्रोल, रॉकेल, रंग किंवा थिनर यांचे रिकामे पिंप भरलेल्या पिंपाइतकेच, किंबहुना अधिक धोक्याचे असते. आत उरलेली वाफ यंत्राच्या ठिणगीने पेट घेऊन पिंपाचा स्फोट होतो. एकदोनदा पाण्याने विसळल्याने हा धोका टळत नाही. असे पिंप घरी कापू नये. कीटकनाशकाचे पिंप तर कितीही धुतले तरी पाण्यासाठी किंवा गुरांच्या हौदासाठी वापरू नये. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार अशा रिकाम्या भांड्यांचा पुन्हा वापर होऊ नये, अशी दक्षता घेणे आवश्यक आहे. ज्या पिंपात पूर्वी काय होते हे सांगता येत नाही, ते धोक्याचेच समजावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

प्रत्येक शेतकऱ्याने करवतींचा पूर्ण संच घेण्याचे कारण नाही. २२, २७ व ३५ मि. मी. च्या तीन करवती, एक सेंटर पंच व एक अर्धगोल कानस एवढे साहित्य शेतकरी गटाने सामाईक ठेवल्यास गावाची बहुतेक गरज भागते. सिन्नरजवळ मुसळगाव व माळेगाव येथे औद्योगिक वसाहती आहेत. तेथील कारखान्यांत या कामाचा सराव असलेला गावकरी मिळाल्यास कार्यकर्त्यांनी त्याच्याकडून एका पिंपावर प्रात्यक्षिक करवून घ्यावे. प्रात्यक्षिकाच्या आरंभीच पिंप पूर्वी कशाचे होते हा प्रश्न सर्वांसमक्ष विचारावा, म्हणजे ही सवय गावाच्या अंगवळणी पडेल. त्यानंतर तरुण शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने एकेक छिद्र पाडून पाहावे व पाणी भरून त्याची परीक्षा घ्यावी.