चित्र अडखळते कुठे?

संगणकावरचे चित्र वाय-फायमार्फत दूरचित्रवाणी संचावर दाखविताना मध्येच गोठू लागले, की घरात नवा संच घेण्याच्या गोष्टी सुरू होतात. थांबा, आधी एक हिशेब करू.

चित्रात 1920 × 1080 ठिपके, प्रत्येक ठिपक्याला 24 बिट आणि सेकंदाला 30 चित्रे. गुणाकार करा: सेकंदाला सुमारे 149 कोटी बिट! एवढा ओघ घरगुती वाय-फायला सहसा पेलत नाही. म्हणून संगणक चित्र आवळतो. आधीच्या चित्राहून जे बदलले, मुख्यतः तेवढेच पाठवितो. साहजिकच एक तुकडा वाटेत हरवला, तर त्यावर आधारलेली पुढची चित्रेही बिघडतात.

वाट तरी कशी? बहुधा संगणकाकडून राउटरकडे व तेथून संचाकडे. एका लहरपट्ट्यात एका वेळी एकानेच बोलायचे असते; येथे तर तेच चित्र हवेतून दोनदा जाते. त्यातून पट्टा 2.4 गिगाहर्ट्झचा असेल, तर ब्लूटूथची गर्दी आणि 2.45 गिगाहर्ट्झवर चालणारी मायक्रोवेव्ह भट्टीही तेथेच. भट्टीतून झिरपणाऱ्या लहरी अत्यल्प, आपल्याला निरुपद्रवी. पण वाय-फायच्या क्षीण संदेशापुढे त्या मोठ्याच!

आता परीक्षा. राउटर आणि संच तारेने जोडा. चित्र सुधारले, तर अडचण हवेत होती. उपकरणे 5 गिगाहर्ट्झवर न्या. या लहरींना भिंती जास्त अडवितात, म्हणून राउटर शक्यतो त्याच खोलीत हवा. सुधारले नाही, तर संगणकही तारेने जोडून पाहा. तरीही अडखळले, तर संगणकाला, क्वचित संचाला, आवळण्या-उलगडण्याचे काम झेपत नसावे. इतर कामे बंद करून ठिपके 1280 × 720 वर आणा.