डळमळणारा विश्वास : त्याची ओळख व त्यावर उपाय

शास्त्रभाग : याकोब १:२–८, मार्क ९:१४–२९, मत्तय १४:२२–३३.
पाठ करावयाचे वचन : मार्क ९:२४.



आपल्या भिवापूर भागातील शेतकऱ्यास मिरचीचे पीक नवे नाही. येथील मिरचीस २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. वाफ्यातून उपटून शेतात लाविलेले रोप पहिले काही दिवस मान टाकते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. नवखा मनुष्य म्हणेल, रोप मेले. जाणता शेतकरी ते उपटून टाकीत नाही. तो मुळाशी पाणी देतो व वाट पाहतो. परंतु ज्या रोपाचे मूळ किडीने खाल्ले आहे, तेही वरून तसेच कोमेजलेले दिसते. म्हणून रोप का कोमेजले, हे मुळाशी पाहिल्यावाचून ठरविता येत नाही. विश्वासाचेही असेच आहे.

१. डळमळणे म्हणजे काय?

शास्त्रात तीन प्रकारची माणसे दिसतात; त्यांची गल्लत करू नये.

पहिला प्रकार थोमाचा (योहान २०). त्याला शंका होती, पण त्याने ती लपविली नाही आणि शिष्यांची संगतही सोडली नाही. आठ दिवसांनी तो त्यांच्यातच होता, म्हणून प्रभू त्याला तेथे भेटला. प्रामाणिक शंका म्हणजे अविश्वास नव्हे.

दुसरा प्रकार पेत्राचा. तो येशूकडे पाहून पाण्यावर चालला व वाऱ्याकडे पाहून बुडू लागला. ही दुर्बलता होय. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी : प्रभूने आधी हात धरिला, संशयाविषयी नंतर विचारिले.

तिसरा प्रकार याकोब सांगतो. हा मनुष्य देवाजवळ मागतो, परंतु देवावर भिस्त ठेवण्याची त्याची तयारी नसते. लाटेप्रमाणे तो ज्या वाऱ्याने ढकलला त्या बाजूस जातो. कर्मेल डोंगरावर एलीयाने लोकांस दोन मतांमध्ये किती काळ लंगडणार असे विचारिले, तेव्हा ते निरुत्तर झाले (१ राजे १८:२१). हेच द्विचित्त होय, आणि हाच खरा धोका आहे.

२. त्याची चिन्हे

प्रत्येकाने आपले अंतःकरण तपासून पाहावे. रात्री लेकरू तापाने फणफणते. घरात प्रार्थना होते आणि त्याच रात्री मागल्या दाराने भगतालाही बोलावणे जाते. येथे दोन धन्यांची चाकरी चालली आहे. लेकरास दवाखान्यात नेणे मात्र अविश्वास नव्हे. औषध हीही देवाचीच देणगी आहे. ते न देता केवळ प्रार्थनेच्या नावाखाली लेकरास घरी ठेवणे हा विश्वास नसून हयगय आहे.

पीक बुडाले की उपासना बंद, आणि पीक आले की उपासनेस सवड नाही, हे दुसरे चिन्ह.

तिसरे चिन्ह म्हणजे नाव लपविणे. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा आदेश ख्रिस्ती झालेल्यांस लागू होत नाही. त्यामुळे पुष्कळ तरुणांस शाळेत, कचेरीत आपण कोण हे सांगणे जड जाते. ही अडचण खरी आहे व तिचा भार गरिबांवरच पडतो. म्हणून अशा तरुणास कोणी हिणवू नये. तरी कागदावर एक व मनात दुसरे असे वर्षानुवर्षे चालले म्हणजे शेवटी मनुष्याला स्वतःलाच आपण कोणाचे हे कळेनासे होते.

३. एक उदाहरण

नारायण वामन टिळक १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने जात असता एका युरोपियन प्रवाशाने त्यांस नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले. तरी त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. मधल्या काळात एकीकडे ख्रिस्त व दुसरीकडे पत्नी, लेकरू व आप्तजन अशी ओढाताण होती. हा विलंब पाहून त्यांस कोणी द्विचित्त म्हटले असते तर तो अन्याय झाला असता. रोप मूळ धरीत होते.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांची वाट आणखी लांब होती. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर जणू आकाश कोसळले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे आल्या, तरी सोवळेओवळे सुटावयास वेळ लागला. त्यांनी ह्या साऱ्या गोष्टी ‘स्मृतिचित्रे’ ह्या ग्रंथात मोकळेपणाने लिहून ठेविल्या आहेत. १९०० साली त्यांनी स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. पुढे १९१९ साली टिळक वारले व त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले. जिला पाऊल टाकावयास अधिक काळ लागला, तिनेच ते काम शेवटास नेले.

४. उपाय

(अ) आपली स्थिती प्रभूस जशीच्या तशी सांगा. मार्क ९ मधील बापाने आपला विश्वास आणि आपला अविश्वास एकाच हाकेत प्रभूपुढे ठेविले. विश्वास पुरा झाल्यावर ये, असे प्रभूने त्यास म्हटले नाही. त्याचा मुलगा त्याच दिवशी बरा झाला.

(आ) एका विश्वासू बंधूस किंवा भगिनीस सांगा. लपविलेली शंका वाढते. बोललेली शंका अर्धी होते.

(इ) जेवढे कळले तेवढे आज करा. सर्व प्रश्न सुटेपर्यंत थांबू नका. ज्याच्याशी वैर आहे त्याच्याशी समेट करा, खोटे माप टाकून द्या. आज्ञापालनाने मूळ खोल जाते.

(ई) मंडळीची संगत सोडू नका. थोमा पहिल्या वेळी गैरहजर होता, म्हणून आठवडाभर त्याला तळमळत राहावे लागले.

उपदेशकांस दोन शब्द : उपासनेस न येणाऱ्याचे नाव सभेत घेऊन त्यास लाजवू नका, त्याच्या घरी जा. जे संशयात आहेत त्यांवर दया करा, असे यहूदाचे सांगणे आहे (यहूदा २२). आणि ज्या घरी भगत येऊन गेला, त्या घरी रागाने नव्हे, तर आजारी लेकराची विचारपूस करावयास प्रथम जा. मग बोलण्यास वाट मिळेल.

विचारासाठी प्रश्न

१. थोमाची शंका व याकोबाने सांगितलेले द्विचित्त ह्यांत भेद काय?
२. संकटाच्या रात्री आपल्या घराची किती दारे उघडी असतात?
३. आपल्या गावात कोणाचे रोप कोमेजले आहे? ह्या आठवड्यात त्याच्याकडे कोण जाईल?

प्रार्थना : हे प्रभू, आमची पकड सैल आहे, तुझी सैल नाही. वाऱ्याकडे लागलेली आमची दृष्टी तुझ्याकडे वळीव आणि बुडणाऱ्या भावाला हात देण्यास आम्हांस शिकीव. आमेन.