मी फेडीन

ही गोष्ट सुमारे १९५० वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा रोमचे मोठे राज्य होते. बाजारात गुरे विकतात, तशी तिथे माणसे विकली जात. विकत घेतलेला माणूस म्हणजे गुलाम. गुलाम पळाला अन् सापडला, तर त्याचे फार हाल होत.

फिलेमोन नावाच्या गृहस्थाकडे अनेसिम नावाचा गुलाम होता. तो धन्यापासून दूर गेला आणि पौलांना भेटला. पौल हे येशू ख्रिस्ताचे प्रचारक. ते तेव्हा कैदेत होते. अनेसिम त्यांच्यापाशी राहून ख्रिस्ती झाला.

पौलांनी त्याला धन्याकडे परत पाठवले. पण रिकाम्या हाताने नव्हे. बरोबर एक पत्र दिले. याला आता गुलाम समजू नकोस, भाऊ समज, असे त्यात लिहिले. याच्याकडे काही देणे असेल, तर ते माझ्या नावावर मांड, असेही लिहिले.

पौल आपली पत्रे पुष्कळदा दुसऱ्याकडून लिहून घेत. पण इथे त्यांनी स्पष्ट लिहिले, की हे मी माझ्या हाताने लिहितो आहे, मी फेडीन.

स्वतः बेडीत असलेला माणूस दुसऱ्याला जामीन राहिला!

हे पत्र लोकांनी जपून ठेवले. बायबलच्या नव्या करारात ते आजही आहे. त्यात अवघी २५ वचने आहेत.

आपल्या हातची ओळ म्हणजे आपला शब्द. तुम्हीही आता लिहू लागला आहात. सही करण्याआधी कागद वाचा. सही केलीत, तर शब्द पाळा.