घटक ३ : आरोग्याचे जैविक घटक – सिकलसेल आजाराच्या संदर्भात

३.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला,
• आरोग्यावर परिणाम करणारे प्रमुख जैविक घटक सांगता येतील.
• सिकलसेलवाहक आणि सिकलसेलग्रस्त यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• अनुवंश आणि परिस्थिती यांचा परस्परसंबंध उदाहरणासह विशद करता येईल.

३.२ प्रास्ताविक

वय, लिंग, अनुवंश, संप्रेरके आणि रोगप्रतिकारशक्ती हे आरोग्याचे प्रमुख जैविक घटक होत. यांपैकी बरेचसे आपल्याला जन्मतःच मिळतात. ते निवडण्याचे स्वातंत्र्य कोणालाही नसते. म्हणूनच ‘जे रक्तातच आहे, त्याला इलाज काय?’ असे सहज म्हटले जाते. हे म्हणणे कितपत खरे आहे, हे आपण अनुवंश या एका घटकाच्या आधारे तपासणार आहोत. त्यासाठी विदर्भात आणि नंदुरबार परिसरात आढळणाऱ्या सिकलसेल आजाराचे उदाहरण घेतले आहे.

३.३ विषय-विवेचन

३.३.१ आजाराचे स्वरूप

रक्तातील तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन हे प्रथिन असते व ते शरीरभर प्राणवायू पोहोचवते. सिकलसेल आजारात या प्रथिनाच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमायनो आम्ल येते. बदल एवढाच; परंतु त्याचे परिणाम दूरगामी असतात. प्राणवायू कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते आणि वाटोळी, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे हाडे, सांधे व पोटात असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी मात्र साधारण १० ते २० दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रुग्णाच्या शरीरात रक्ताची सतत कमतरता राहते.

३.३.२ वाहक आणि ग्रस्त

प्रत्येक व्यक्तीला या हिमोग्लोबिनचे एक जनुक आईकडून व एक वडिलांकडून मिळते. दोन्हींपैकी एकच सदोष असेल तर ती व्यक्ती ‘वाहक’ होय. वाहकाला सामान्यतः कोणताही त्रास होत नाही. तो रुग्ण नव्हे. दोन्ही जनुके सदोष असतील तर ती व्यक्ती ‘ग्रस्त’ होय.

पती आणि पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत मूल ग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के व पूर्णतः दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. याचा अर्थ ‘चार मुलांपैकी एकच आजारी होईल’ असा घेऊ नये. प्रत्येक वेळी ही शक्यता नव्याने लागू होते. दोघांपैकी एकच वाहक असून दुसरा दोषमुक्त असेल, तर मूल वाहक होऊ शकते. ग्रस्त मात्र होत नाही.

येथे एक सामाजिक बाब लक्षात घ्या. ग्रस्त मूल जन्मले की दोष बहुधा आईच्या माथी मारला जातो. वर दिलेली मांडणी पाहिली तर हा आरोप निराधार ठरतो. कारण दोन सदोष जनुकांपैकी एक वडिलांकडूनच आलेले असते.

३.३.३ हे जनुक टिकले का?

इतके अपायकारक जनुक पिढ्यान्‌पिढ्या कसे टिकले, असा प्रश्न तुम्हाला पडेल. वाहकांना हिवतापाच्या गंभीर प्रकारापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, असे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले. हिवताप जेथे दीर्घकाळ ठाण मांडून होता, तेथे वाहक अधिक संख्येने जगले आणि जनुकही टिकले. म्हणजेच हे जनुक एखाद्या जमातीचा ‘दोष’ नसून पूर्वजांच्या परिस्थितीची खूण आहे.

३.३.४ परिस्थितीचा प्रभाव

दोन ग्रस्त व्यक्तींचे आयुष्य सारखेच असते असे नाही. शरीरातील पाणी कमी होणे, कडाक्याची थंडी, अतिश्रम आणि जंतुसंसर्ग यांमुळे वेदनेचे झटके येतात. उन्हाळ्यात पुरेसे पाणी न पिता मजुरी करावी लागणाऱ्या रुग्णाचा त्रास वाढतो. याउलट वेळेवर निदान, लसीकरण, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि वैद्यकीय देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया हे औषध मिळाल्यास त्रास बराच कमी होतो. अनुवंश तोच, पण पाणी, विश्रांती आणि उपचार यांच्या उपलब्धतेनुसार आरोग्य बदलते.

निदानासाठी प्रथम सोल्युबिलिटी ही साधी रक्तचाचणी करतात. वाहक की ग्रस्त, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढील चाचणीने निश्चित होते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या राहू नये, हे त्याचे उद्दिष्ट आहे. विवाहापूर्वी तपासणी झाल्यास जोडप्याला समजून-उमजून निर्णय घेता येतो. मात्र वाहक ठरलेल्या मुलीचे लग्न मोडण्यासाठी ही माहिती वापरली गेली, तर लोक तपासणीच टाळतील आणि तिचा मूळ हेतू विफल होईल.

३.४ सारांश

अनुवंश आरोग्याची चौकट ठरवतो. परंतु त्या चौकटीतील जगणे ज्ञान, उपचार आणि सामाजिक वागणूक यांवर अवलंबून असते. ‘रक्तातच आहे’ हे विधान कारण सांगते, पण ‘इलाज नाही’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

३.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. वाहक व ग्रस्त यांतील फरक लिहा.
२. पती ग्रस्त व पत्नी वाहक असल्यास अपत्यांबाबतच्या शक्यता काढा.
३. ‘ग्रस्त मुलासाठी केवळ आई जबाबदार असते’ या समजाचे सकारण खंडन करा.